बसलटनची जेटी, खालून

रेल्वेच्या पूल खात्यात चौतीस वर्षं काढली. पावसाळा ओसरला की तापी, वाघूर, पूर्णा असे एकेक पूल घ्यायचे, खांबाच्या बुडाशी पाण्याने किती खरवडलंय ते मोजायचं, सांध्यात पिंपळ उगवला असेल तर रजिस्टरात लिहायचं, 'झाडोरा आढळला. काढावा.' पाण्याच्या वर जे होतं ते सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. पाण्याखालचं ठेकेदाराचा पाणबुड्या पाहायचा. तो वर यायचा, तोंडावरचं पाणी निपटायचा आणि म्हणायचा, "साब, नीचे सब ठीक है." मी होडीत बसून तेवढं लिहून घ्यायचो. खाली खरंच काय होतं, देव जाणे.

यंदा मार्चमध्ये मुलीकडे ऑस्ट्रेलियात, पर्थला होतो, तेव्हा बसलटनच्या जेटीखाली दोन डाइव्ह केले, म्हणजे पाठीला हवेचं सिलिंडर लावून बुड्या मारल्या. भुसावळला परतल्यापासून कॉलनीत रोज कुणी ना कुणी विचारतं, कारण निम्म्या घरांतली पोरं आता तिकडेच आहेत आणि आईबाप सहा-सहा महिने जाऊन राहतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

बसलटन पर्थच्या दक्षिणेला सव्वादोनशे किलोमीटरवर आहे. गाडीने अडीच-तीन तास. जेटी लाकडी खांबांवर उभी आणि १८४१ मीटर लांब. चोवीस डब्यांच्या तीन गाड्या एकीमागे एक उभ्या केल्या तरी टोकाला जागा उरेल. इतकी लांब कशाला, हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला. उत्तर असं की तिथला जिओग्राफ उपसागर फार उथळ आहे. १८६५ साली पहिला तुकडा बांधला तो जेमतेम १६१ मीटरचा. मग रेती साचत गेली, जहाजांना पाणी पुरेना, म्हणून जेटी पुढे पुढे सरकवत नेली. गाळ म्हणजे काय ते हतनूर धरणाच्या काठच्या माणसाला सांगायला नको. या जेटीवरून मुख्यतः लाकूड जायचं. तिकडचं जॅरा नावाचं लालसर, जड लाकूड एके काळी हिंदुस्थानच्या रेल्वेलाही स्लीपरसाठी यायचं. आपल्या मुलखात रूळ पडले तेही १८६० च्याच दशकात. जेटीच्या कठड्याला हात लावला तेव्हा हे आठवलं आणि उगाच सासुरवाडीला आल्यासारखं वाटलं.

१९७८ च्या अ‍ॅल्बी चक्रीवादळाने तिचा किनाऱ्याकडचा भाग मोडला, १९९९ मध्ये आग लागून ६५ मीटर जळाले. तरी गावाने ती सोडली नाही. वरून छोटी लाल आगगाडी धावते आणि टोकाला २००३ पासून पाण्याखालची वेधशाळा आहे. जिन्याने आठ मीटर खाली उतरायचं आणि काचेतून मासे बघायचे. ज्यांना पाण्याची भीती आहे त्यांनी तेवढंच करावं, पैसे वाया जाणार नाहीत. बायकोने तेच केलं. मला मात्र ती आधीच म्हणाली होती, "समुंदर हाये तो. तुमच्या आजाची हीर नाही."

आजोबांची विहीर कामाला आली, हे मात्र खरं. डाइव्हसाठी आधी कोर्स लागतो. तो पर्थलाच चार दिवसांत केला. न थांबता २०० मीटर पोहायचं आणि दहा मिनिटं नुसतं तरंगायचं, एवढी पोहण्याची परीक्षा. गड्यांनो, विहिरीत गोते खाल्लेल्या माणसाला ती अवघड नाही. अवघड आहे तो आरोग्याचा फॉर्म. वय पंचेचाळीसच्या पुढे, त्यात माझी बीपीची गोळी, म्हणजे डॉक्टरची सही आलीच. मी तो फॉर्म छापून जळगावच्या डॉक्टरकडून तपासण्या करून, सही-शिक्का घेऊनच विमानात बसलो. तिकडे गेल्यावर ही धावपळ करायची म्हणजे फी ऐकूनच बीपी वाढेल.

आता डाइव्हला नेणाऱ्या दुकानाबद्दल. नाव लिहीत नाही, कारण थोडं वाईटही लिहायचं आहे. सामान चांगलं होतं, सिलिंडरवर तपासणीची तारीख होती, होडी स्वच्छ. पण सूट द्यायला जो पोरगा होता त्याने माझ्या पोटाकडे एकदा पाहिलं आणि तरी मधला साइज दिला. पाच मिलिमीटर जाडीचा रबरी सूट, चेन लावताना मुलगी आणि जावई दोघं लागले. दुसरी गोष्ट, मास्क. माझ्या मिशा तुम्ही पाहिल्या आहेत. मास्कची कड मिशीवर बसली की फट राहते आणि पाणी आत झिरपतं. हे त्यांना माहीत असणार, पण कुणी बोललं नाही. पहिल्या डाइव्हला दर दोन मिनिटांनी नाकाने हवा सोडून पाणी काढत बसलो. दुसऱ्याच्या आधी होडीवरच्या दुसऱ्या गाइड मुलीने नाकाखाली सिलिकॉनचं ग्रीस चोपडलं आणि प्रश्न मिटला. भादरायची का, असंही तिने विचारलं. नाही म्हटलं. मिशीवाल्यांनी ही डबी स्वतःची घेऊन जावी.

तिसरी तक्रार, सूचना. दहा मिनिटांचं भाषण आम्हाला खाली नेणाऱ्या गाइडने तिकडच्या इंग्रजीत चार मिनिटांत उरकलं. मुलीने पुन्हा मराठीत सांगितलं म्हणून बरं. सूचना महत्त्वाच्या असतात, कारण जेटीखाली उतरणं हे मोकळ्या समुद्रात उतरण्यासारखं नाही. डोक्यावर तुळया असतात, वरून माणसं गळ टाकून बसलेली असतात. तुटलेल्या दोऱ्या खांबांमध्ये कोळिष्टकासारख्या अडकून राहतात आणि पाण्यात त्या दिसत नाहीत. दोरी कापायचं हत्यार जवळ हवं आणि वर यायचं ते गाइड दाखवील तिथूनच.

उतरलो. कान दाबले, नाक धरून हवा भरली, मोकळे झाले. गाइडच्या मनगटावरच्या यंत्रात २१ अंश दिसत होते. मेमध्ये पंचेचाळीस झेलणाऱ्या भुसावळच्या हाडांना ते पाणी बर्फच. खाली जेमतेम आठ मीटर. तिथे पाय न टेकता लटकून राहायचं असतं, श्वास घेतला की थोडं वर, सोडला की थोडं खाली. हे जमायला मला अर्धा डाइव्ह गेला.

आणि समोर खांब. एकामागे एक, ओळीने, पाण्यात धूसर होत गेलेले. कुणी मला आयुष्यभराच्या पुलांच्या मधोमध सोडलंय असं झालं. पण खांब करडे, राखाडी, केसाळ. मनात म्हटलं, यासाठी एवढं? तेवढ्यात गाइडने टॉर्च लावला आणि तो आख्खा खांब नारिंगी झाला. तिथे जांभळं, पांढरं, पिवळंही होतं. पाण्यात लाल रंग सगळ्यांत आधी विरतो, म्हणून उजेड जवळ नेल्याशिवाय काही खरं दिसत नाही. टॉर्च भाड्याने मिळतो, तो घ्याच. नारिंगी होतं ते मऊ पोवळं, बोटभर फांद्यांचं, प्रवाहात हलणारं. इतक्या दक्षिणेला ते टिकतं, कारण उत्तरेकडून लीऊविन नावाचा गरम प्रवाह किनाऱ्याच्या कडेने खाली येतो. एका खांबाच्या खाचेत ऑक्टोपस बसला होता, सोंडा आत ओढून, कचेरीतल्या बाबूसारखा आमच्याकडे बघत. खांबांमधून बारीक माशांचा थवा असा वळायचा की पत्रा हलवल्यासारखा लखलखायचा.

सवय जात नाही. मी बोटाच्या पेराने खांबावर टकटक केली, लाकूड पोकळ आहे का बघायला. समुद्रात लाकूड पोखरणारा किडा असतो, जहाजं खाऊन टाकणारा. गाइडने लगेच तर्जनी हलवून दटावलं. बरोबर होतं तिचं, तिथे कशालाही हात लावायचा नसतो. शिक्षाही जागेवर मिळाली, शिंपल्यांच्या धारेने बोट कापलं. पाण्याखाली रक्त हिरवट दिसतं, हे त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या डाइव्हला वेधशाळेच्या काचेबाहेरून गेलो. आत बायको उभी होती. तिने मला ओळखलं नाही, शेजारच्या बाईला बोट करून दाखवत होती. मी हात हलवला तर दोघी मागे सरकल्या.

मालवणला पूर्वी एकदा पर्यटकांचं स्कूबा केलं होतं, वीस मिनिटं कुणीतरी सिलिंडर धरून फिरवतं आणि फोटो काढून देतं. त्याची चव वेगळी, ते वाईट म्हणत नाही. पण इथे स्वतःचा श्वास स्वतः मोजायचा असतो. सिलिंडरमधल्या हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्यावर ५० बार उरले की परतायचं. माझे उरले ते मुलीपेक्षा आधी, जाड माणूस हवा जास्त ओढतो.

जायचं तर डिसेंबर ते एप्रिल जा, वारा पडलेला असताना, सकाळचीच वेळ मागा. दुपारी वारा सुटला की खाली सगळं गढूळ. परतीचं विमान असेल तर शेवटच्या डाइव्हनंतर निदान अठरा तास मध्ये ठेवा, एकापेक्षा जास्त डाइव्ह केले असतील तर हा नियमच आहे. खर्चाचा आकडा मुलीने मला सांगितलेला नाही.

पाचपैकी चार तारे. एक सुटाचा कापला. भाषणासाठी अर्धा कापणार होतो, पण त्या ग्रीस लावणाऱ्या मुलीकडे बघून सोडून दिला.

संध्याकाळी तिने लॉगबुक भरायला दिलं. खोली, वेळ, तापमान असे रकाने आणि शेवटी शेरा. मी मराठीत लिहिलं, 'खांबांवर झाडोरा भरपूर. काढू नये.' खाली सही केली, हुद्द्यासकट. तिने न वाचता शिक्का मारला.