कॉलेज रोडवरचा मोठा पडदा आणि एकटा पडलेला पेनिक्स

नाशिकच्या कॉलेज रोडवरील एका लहानशा कॅफेत आम्ही मित्रांनी, 8 जानेवारी 2024 रोजी ह्यूस्टनमध्ये झालेला अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा अंतिम सामना मोठ्या पडद्यावर पुन्हा पाहिला. मिशिगनने वॉशिंग्टनला 34-13 असे हरवले. वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) मायकेल पेनिक्स याचे 51 पैकी 27 पासच यशस्वी झाले आणि दोन थेट प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेले. तरीही सारा दोष त्याच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते, कारण चेंडू घेऊन धावणाऱ्यांची साथ तुटल्यावर मिशिगनची बचावफळी निर्धास्तपणे त्याच्यावरच चालून येत होती. पडदा स्वच्छ असल्यामुळे त्याला वाचवणाऱ्या सहकाऱ्यांची भिंत कुठे खचते, हे स्पष्ट दिसले. आवाज मात्र फारच हळू होता, आणि कोल्ड कॉफी (तिला कॉफी म्हणणे हा शिष्टाचार) पाणचट निघाली.