जीपचं क्राऊन-पिनियन बदलायचंय? खेर्डीला चाचांकडे जा, पण घाई घरी ठेवून

चाचांच्या गॅरेजला पाटी नाही. चिपळूणहून खेर्डीत आलात की कुठल्याही टायरवाल्याला ‘जीपवाले चाचा’ विचारा, तो हातातल्या पान्यानेच दिशा दाखवेल. आत पत्र्याची शेड, एक जुनं लेथ आणि पोट उघडून ठेवलेल्या जिपा. माझ्या जीपच्या पुढच्या-मागच्या दोन्ही हौसिंगमधलं ५.३८चं क्राऊन-पिनियन काढून तिथे ४.८८चं बसवून घेतलं. क्राऊन-पिनियन म्हणजे इंजिनाचं फिरणं चाकांपर्यंत पोचवणारी दातेरी चाकांची जोडी, आणि हौसिंग म्हणजे ती जिच्यात बसते ती आसावरची पेटी. काम अव्वल. वेळेचं विचारू नका, त्याबद्दल खाली लिहिते.

जीप १९७४ची, महिंद्राने विलीसच्या परवान्यावर बनवलेली पेट्रोल सीजे-३बी. सासऱ्यांनी घेतलेली, आता गुहागरची बाग मी बघते, म्हणून जीपही माझ्याकडे. २,१९९ सीसीचं हरिकेन इंजिन ४,००० आरपीएमला (मिनिटाला फेरे) ७५ हॉर्सपॉवर देतं, पण ओढायची ताकद खरी २,०००च्या आसपास. गिअर तीनच, तिसरा एकास एक. मागे क्राऊनला ४३ दात, पिनियनला ८. भागून बघा, ५.३८ येतं. म्हणजे चाकाचा एक फेरा व्हायला प्रॉपेलर शाफ्ट (इंजिनाकडून हौसिंगपर्यंत येणारा दांडा) पाचाहून जास्त वेळा फिरणार. सड्यावर आंब्याच्या पेट्या भरून कातळ चढायला याहून बरं काही नाही. हायवेला मात्र नुसता आरडाओरडा. ६.००-१६ टायरवर ताशी ८० गाठलं की इंजिन ३,२००ला जातं आणि शेजारी बसलेल्याशी बोलणं बंद पडतं.

पुण्याच्या भाच्याला अमेरिकन मसल कारचं, म्हणजे दांडग्या इंजिनाच्या जुन्या गाड्यांचं, वेड. गाडी नाही, नुसतं वेड. तो म्हणाला, “मावशी, सरळ ४.२७ टाक. ८०ला २,५५०वर येशील.” हिशेब त्याचा बरोबर आहे. त्या गाड्यांतही निवड अशीच करतात: लांबच्या प्रवासाला ३.०८ घेतलं तर इंजिन शांत, ड्रॅग रेसला ४.११ घेतलं तर सुटताना झटका जोरात, दोन्ही थोडं थोडं हवं असेल तर ३.५५. आकडा लहान तेवढं इंजिन निवांत. पण १९६४च्या पॉन्टिअ‍ॅक जीटीओत ३८९ घनइंची व्ही-८ होतं, ३२५ हॉर्सपॉवर, ४२८ फूट-पौंड टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद. माझ्या जीपचा टॉर्क ११४. तिथे क्राऊन-पिनियन निवडताना चूक झाली तरी इंजिन ती पोटात घालतं. इथे तसली चैन नाही.

भाच्याच्या हिशेबाचा कागद चाचांनी वाचलाच नाही. जीपच्या मागे दोन भंगार गिअरबॉक्स चढवले, वजन पाहिजे म्हणून, आणि म्हणाले, “चला वैनी, कुंभार्ली बघून येऊ.” पोफळी सोडून घाट चढायला लागलो तशी त्यांनी गाडी दुसऱ्या गिअरवर ठेवली. एका आवळ वळणावर वेग पडला, इंजिन खाली आलं, पण गुरगुरत का होईना चढली. “हितं बघा,” म्हणाले, “४.२७ घातलंत तर ह्या वळणाला दुसरा दम सोडील. मग पयला पाडायचा कसा?”

मुद्दा तिथेच आहे. या टी-९० गिअरबॉक्सचा पहिला २.८ला आणि दुसरा १.५५ला, मध्ये मोठी दरी. त्यात पहिल्याला सिंक्रो (गिअर पडताना वेग आपोआप जुळवणारी कडी) नाही. चालत्या गाडीत तो टाकायचा तर डबल क्लच मारून (क्लच दोनदा दाबून) नेमका वेग साधायचा, नाहीतर उभं राहायचं. आणि मागे कराडचा ट्रक चिकटलेला असताना चढणीच्या वळणावर उभं कोण राहणार? घरी येऊन मी गुणाकार केला. दुसऱ्या गिअरला आत्ता एकूण ८.३ पडतं, ४.८८ घातलं तर ७.६, ४.२७ला फक्त ६.६. म्हणजे या जीपचं क्राऊन-पिनियन हायवेच्या तिसऱ्या गिअरसाठी निवडायचंच नाही, घाटातल्या दुसऱ्यासाठी निवडायचं. चाचांनी हे कागदाविना मला दाखवलं, आणि ज्या गॅरेजात आधी विचारलं होतं तिथे नुसतं “बसेल की” म्हणाले होते.

आणखी एक त्यांनी लगेच बजावलं. फोर-व्हील वापरणार असाल तर पुढचं आणि मागचं एकाच आकड्याचं पाहिजे. नुसतं मागचं बदलून डांबरी रस्त्यावर फोर-व्हील टाकली तर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या गतीने फिरायला बघतात, शाफ्टला पीळ बसत जातो आणि कुठेतरी मोडतं. “खर्च डबल हाय. नायतर पुढचा शाफ्ट काढून घरात ठेवा.” आमच्या बागेला फोर-व्हीलशिवाय चालत नाही, म्हणून दोन्ही बदलले.

सामान मुंबईच्या एका दुकानातून मागवलं. चाचांनी चष्मा लावला, रॉकेलच्या फडक्याने ग्रीस पुसलं आणि मागच्या जोडीवरचे कोरलेले नंबर वाचले. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, म्हणून दोघांवर एकच नंबर हवा. आमचे दोन निघाले. “हे नवराबायको नव्हेत, शेजारी आहेत,” म्हणाले आणि खोका बंद केला. दुकानदार फोनवर “सगळे असेच बसवतात” म्हणत राहिला. शेवटी बदलून दिलं, पण पाठवणावळ माझ्याकडून.

बसवताना मी बाजूला स्टूल टाकून बसले होते. दातांना निळी पेस्ट लावायची, क्राऊन हाताने फिरवायचा आणि ठसा कुठे उमटतो ते बघायचं. पहिला ठसा दाताच्या माथ्याकडे पडला, म्हणजे पिनियन क्राऊनपासून लांब राहिलं होतं. सगळं परत उघडलं, बेअरिंगच्या कपामागे एक पातळ शिम (पत्र्याची चकती) वाढवली, पुन्हा निळं, पुन्हा ठसा. दाताच्या मधोमध आल्यावरच चाचा थांबले. मग डायल लावून बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) मोजला, तो ०.१५ ते ०.२५ मिलिमीटरमध्ये लागतो. कॅरिअर (क्राऊन ज्यावर बसतो तो भाग) जुनाच चालला, ३.७३पर्यंत खाली गेलं असतं तर तोही वेगळा घ्यावा लागला असता. तेल जीएल-५, नव्वद नंबरचं. चाचा कुठलीही गाडी आली की आधी हौसिंगचं तेल बघतात. पाणी शिरलं असेल तर ते पांढरट येतं, आणि जुलै २०२१च्या पुरानंतर चिपळुणातल्या कुठल्या मेकॅनिकला हे सांगावं लागत नाही.

आता ८०ला इंजिन २,९००वर असतं. फार मोठा फरक नाही, पण शेजारच्याशी बोलता येतं. कुंभार्ली दुसऱ्यावर चढते. हौसिंगमधून घुंई आवाज नाही, गॅस दिला तरी नाही, सोडला तरी नाही.

तक्रारी आहेत. स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसमधून (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीतून) येते, म्हणजे क्राऊन-पिनियनच्या आधीच, त्यामुळे काटा ५४ दाखवतो तेव्हा गाडी ६०ला असते. “बघतो” म्हणालेत, अजून बघताहेत. दुसरी जरा गंभीर. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नाही, ट्रान्सफर केसमागच्या ड्रमवर आहे. म्हणजे त्याची पकड क्राऊन-पिनियनमधूनच चाकापर्यंत वाढून पोचते, आणि आकडा उतरला की पकडही तेवढीच, साधारण दहा टक्के, उतरते. हे कोणी बोललं नव्हतं. तवसाळच्या जेट्टीवर ओहोटीला फेरीबोटीची वाट बघत उतारावर उभी होते, गाडी हलकेच सरकायला लागली तेव्हा कळलं. आता पहिला टाकूनच उतरते. चाचांनी, किंवा हे काम करणाऱ्या कुणीही, हँडब्रेक त्याच वेळी आवळून द्यायला हवा.

मजुरी दोन्ही हौसिंगची मिळून आठ हजार, सामान वेगळं. बिल वहीच्या पानावर. ‘शुक्रवारी न्या’ म्हटलं की कुठला शुक्रवार ते विचारून घ्या.

तुमच्या जीपला आधीच ७.००-१६ टायर असतील तर तूर्त पैसे खर्च करू नका. चाक मोठं झाल्याने गिअरिंग सुमारे आठ टक्के उतरलेलंच आहे, ५.३८ वागतं जवळजवळ ५सारखं. वर ४.८८ घातलंत तर घाटात हाल. आमच्या शेजाऱ्यांना चाचांनी हेच सांगून परत पाठवलं, पैसेही घेतले नाहीत. आणि गणपतीच्या आधीचा पंधरवडा टाळा. चाकरमान्यांच्या गाड्यांनी आवार भरलेलं असतं, तुमची जीप बाहेर पावसात उभी राहील.