जपानी समाज समजून घ्यायचाय: बेनेडिक्ट की नाकाने?

आधी जपानी मानवशास्त्रज्ञ चिए नाकाने यांचं ‘जॅपनीज सोसायटी’ (१९७०) घ्या. ओळख देताना जपानी माणूस आधी कंपनी सांगतो, मग काम. या सवयीतून नाकाने ‘बा’ म्हणजे चौकट (माणूस ज्या संस्थेत किंवा गटात आहे ती) उलगडतात. त्यांनी भारतात क्षेत्रकार्य केलं होतं, त्यामुळे जातिव्यवस्थेशी केलेली तुलना आपल्याला चटकन भिडते. मोठ्या कंपन्यांचं चित्र साऱ्या देशाला लावलंय, ते मात्र खटकतं.

अमेरिकी मानवशास्त्रज्ञ रूथ बेनेडिक्ट यांचं ‘द क्रिसॅन्थेमम अँड द सोर्ड’ (१९४६) युद्धामुळे जपानला न जाता, अमेरिकेतल्या जपान्यांशी बोलून, चित्रपट पाहून लिहिलेलं. तरीही ‘ओन’ म्हणजे उपकाराचं ओझं, जन्मभर न फिटणारं ‘गिमू’ आणि जेवढ्यास तेवढी फेडायची ‘गिरी’, हा भाग अप्रतिम! सगळे जपानी एकाच साच्यातले वाटू लागले, की तिथे सावध व्हा.