मुरबाडच्या फळबागेची वार्षिक मेंबरशिप: पावसाळा, मोहोर आणि आंबा उरकल्यावर

आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहतो. घरात आम्ही दोघं, शाळेत जाणारी मुलगी आणि अधूनमधून येणारे सासू-सासरे. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मुरबाडच्या पुढे, म्हसा रस्त्याच्या बाजूला असलेल्या एका आंबा-चिकूच्या बागेची वार्षिक मेंबरशिप घेतली. आता आंब्याचा हंगाम उरकलाय, नूतनीकरणाचा फोनही येऊन गेलाय, म्हणून लिहायला बसलो. बागेचं नाव देत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत. शिवाय त्या पट्ट्यात अशा जागा आता बऱ्याच झाल्यात, आणि इथे लिहिलेलं बरंचसं त्यांनाही लागू पडेल.

योजना अशी: वर्षाचे ३६,००० रुपये. त्यात हापूसचं एक झाड वर्षभर तुमच्या नावावर, त्याचा आंबा तुमचा, आणि बागेतल्या खोल्यांत ठरावीक रात्री राहायला मिळतात. जेवणाचे पैसे वेगळे. विकणारा सगळा भर झाडावर देतो. नावाची पाटी, झाडाशेजारी फोटो, मोहोर फुटला की व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ. माझं मत आत्ताच सांगून टाकतो: झाड सोडा, रात्री घ्या. आंब्यापायी पैसे भरणार असाल तर तेवढ्या पैशांत घरबसल्या चांगल्या पेट्या येतील.

हापूस मुळात एका वर्षाआड भरणारा. एका वर्षी फांद्या वाकतात, दुसऱ्या वर्षी झाड हात आखडता घेतं. बागायतदार कल्टार (दरवर्षी मोहोर यावा म्हणून झाडाला देतात ते औषध) घालून ही खोड थोडीफार मोडतात, पण पूर्ण जात नाही. तुमच्या वाट्याला आलेलं झाड भरण्याच्या वर्षातलं की विश्रांतीच्या, हे पैसे घेताना कुणी सांगत नाही. आमचं विश्रांतीचं निघालं. करारात ‘झाडाला येईल तेवढं’ असं लिहिलेलं होतं आणि किमान पाच डझनांची हमी होती. ती त्यांनी पाळली, पण केशर जातीचा आंबा घालून. केशर उत्तम होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण मग माझ्या नावाच्या पाटीचं काय करायचं?

जो हापूस मिळाला त्यात साका बराच होता. वरून फळ पिवळंधमक, वासही छान, आणि कापलं की कोयीला लागून पांढरट, स्पंजासारखा, आंबूस भाग. बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही. सासरे देवगडकडचे. त्यांनी पहिली फोड हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि म्हणाले, “जावईबापू, झाडावर जास्त राहिलाय हा.” बागेवरचे काका नंतर भेटले तेव्हा त्यांनीही तेच सांगितलं. हापूस चौदा आणे, म्हणजे पूर्ण पिकायला थोडा बाकी असा तयार झाला की उतरवावा लागतो. झाडावरच पिकू दिला, आणि त्यात एप्रिल-मेची तापलेली जमीन खालून धग मारत असली, की साका वाढतो. म्हणून जाणते बागायतदार झाडाखाली गवताचं, पाचोळ्याचं आच्छादन ठेवतात. इथे मेंबरांच्या झाडांखालचा पाचोळा झाडून लख्ख केलेला असतो, कारण तिथे खुर्च्या मांडायच्या असतात आणि फोटो काढायचे असतात. आणि आमची तोडणीची तारीख आंब्याकडे बघून नाही, मेंबरांच्या शनिवार-रविवारच्या सोयीनं ठरली होती. मला वाटतं, ह्या योजनेचं मूळ दुखणं तेच.

‘मुरबाडचा कसला हापूस’ असं म्हणणाऱ्यांसाठी: २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, पालघर यांच्याबरोबर ठाणे जिल्हाही आहे. तेव्हा कागदावर तो हापूसच. सासऱ्यांना हे सांगून पाहिलं, उपयोग झाला नाही.

ह्या बागेत खरा खाण्याजोगा आंबा शेवटच्या ओळीत आहे, आणि माहितीपत्रकात त्याचा उल्लेखही नाही. ती रत्नाची झाडं. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रानं १९८१ मध्ये काढलेली ही जात. फळ मोठं, रेषा नाहीत, साका होत नाही. पण नावाला वलय नाही, त्यामुळे मेंबर मागत नाहीत आणि मालक देत नाहीत. तुम्ही मागा.

तोडणीचा दिवस मात्र सुंदर गेला. झेला म्हणजे लांब बांबूच्या टोकाला पातं आणि जाळी. फळ जाळीत घ्यायचं आणि देठ पात्यावर आणायचा. मुलगी हिसका द्यायला गेली तर काका ओरडलेच, “ताई, ओढू नको, नुसता उचल!” बोटभर देठ फळाला राहिला पाहिजे. देठ मुळाशी तुटला की चिक उसळतो, सालीवरून ओघळतो आणि पिकताना तिथे काळा डाग पडतो. तिनं काढलेल्या पहिल्या फळावर असा ओघळ आला. काकांनी ते फळ देठाची बाजू खाली करून गवतावर टेकवून ठेवलं, चिक निथळू दिला आणि बाजूला टाकलं: “हा लोणच्याला.” मग तिला जमलं. झाडांवर जागोजागी लटकवलेल्या प्लास्टिकच्या डब्या कसल्या, असं तिनं विचारलं. ते फळमाशी पकडायचे ‘रक्षक’ नावाचे सापळे, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे. एक डबी काकांनी उघडून दाखवली, तर आत मेलेल्या माश्यांचा खच. मुलीनं त्यानंतर तासभर आंब्याला हात लावला नाही.

चिकूचं त्या मानानं सोपं. जात कालीपत्ती, थोडीफार फळं वर्षभर असतातच. फळावर हलकी नखी मारायची. खाली हिरवं दिसलं तर राहू द्यायचं, पिवळसर दिसलं आणि वरचा कोंडा झडला असेल तर काढायचं. रात्री वटवाघळं येतात आणि सकाळी झाडाखाली अर्धवट खाल्लेली फळं पडलेली असतात. ती उचलायची नाहीत, हे मुलांना पहिल्याच दिवशी बजावा.

आता हिवाळ्याबद्दल, कारण सगळे डिसेंबर-जानेवारीतच जायला बघतात. हवा मस्त असते, पहाटे चादर पुरत नाही. पण तेव्हाच मोहोर येतो, मोहोरावर तुडतुड्यांची कीड आणि भुरीची बुरशी येते, आणि मग फवारणी. आम्ही एकदा नेमके फवारणीच्या सकाळी पोचलो. आधी फोन नाही, मेसेज नाही. पंप चालू, वारा खोल्यांच्या दिशेनं, आणि व्यवस्थापकाचं म्हणणं, “काही होत नाही हो, रोजचंच आहे.” रोजचं असेल त्यांचं. आम्ही मुलीला घेऊन मुरबाडला गेलो आणि दुपार तिथेच काढली. परत आल्यावर चांगली खरडपट्टी काढली, तेव्हापासून आदल्या दिवशी मेसेज येतो. तुम्ही मोहोराच्या दिवसांत जाणार असाल तर फवारणी कधी आहे हे स्वतः विचारा, आणि नंतर किती दिवस झाडाखाली खेळायचं नाही तेही विचारा.

त्याच दिवसांत गाडी आंब्याखाली लावू नका. तुडतुडे मोहोरातला रस शोषतात आणि मधासारखा चिकटा खाली टाकतात. सकाळी आमच्या गाडीची काच हाताला चिकटत होती, वायपर फिरवला तर सगळं पसरलं. नुसत्या पाण्यानं निघत नाही, साबण लावून घासावं लागतं. आणि तो पानांवर राहिला की त्यावर काळी बुरशी चढते.

मग पैसे वसूल कशात झाले? पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर ही जागा बहुतेक मोकळी असते, कारण जिवंत धबधबा नाही, तरणतलाव नाही, आणि गर्दी सगळी पुढे माळशेजला जाते. बागेच्या खालच्या अंगाला भाताची खाचरं आहेत. खोलीच्या ओट्यावर बसलं की समोर आवणी (भाताची लावणी) चाललेली दिसते, मागे ढग उतरले नसतील तर सिद्धगडाचा डोंगर. करायला काही नसतं. टीव्ही नाही. वीज गेली की इन्व्हर्टरवर दिवे आणि पंखा एवढंच चालतं. मोबाइलला एका कंपनीची रेंज फाटकापाशी येते, दुसरीची येतच नाही. (ह्याच तालुक्यातलं धसई २०१६ मध्ये राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजलं होतं. तुम्ही मात्र खिशात नोटा ठेवा.) पहिल्या वेळी बायको संध्याकाळपर्यंत कंटाळली. पुढच्या खेपेला तिनंच सांगितलं की शुक्रवारी रात्रीच निघू. मी ऑफिसच्या कॉलमधून डोकं बाहेर काढलेला माणूस, मला कौलांवरचा पाऊस ऐकत दुपारी तीन तास झोप लागते, ही गोष्ट ठाण्यात पैसे देऊन मिळत नाही.

जूनच्या सुरुवातीला तिथे शेवळं ही रानभाजी मिळते. ठाण्यात जांभळी नाक्यावर जुडी घेऊन घरी निवडत बसणाऱ्यांना माहीत असेल की हे प्रकरण घशाला खाजतं. स्वयंपाकघरातल्या मावशी त्यात काकडाची फळं वाटून घालतात, आणि वालाचं बिरडं असेल तर त्यातच शेवळं सोडतात. सोबत तांदळाची भाकरी. बाकी जेवण साधं आणि चांगलं, फक्त पनीर मागू नका. जांभळंही तेव्हाच. शेजारच्या बदलापूरच्या जांभळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण बागेतल्या झाडाखाली पोरांची जीभ जांभळी व्हायला ते लागत नाही. फणस कापा आहे की बरका हे कापण्याआधी विचारून घ्या. आमच्या सासूबाईंना बरका आवडतो, मला त्याचे गरे घशाखाली उतरत नाहीत.

पावसाळ्यातला धोका म्हणजे रस्ता आणि साप. कल्याण-मुरबाड रस्त्यावर रायत्याला उल्हास नदीचा पूल आहे. मुसळधार पाऊस लागला की तो पाण्याखाली जातो आणि वाहतूक बंद. निघण्याआधी बागेत फोन करून पूल चालू आहे का ते विचारतो, हवामान खात्याचा इशारा असेल तर जातच नाही. आणि रात्री खोलीबाहेर पाऊल टाकायचं तर बॅटरी आणि बंद बूट. फुरसं, मण्यार, सगळं आहे तिथे. खोल्यांपासून जेवणाच्या पडवीपर्यंतच्या वाटेवर दिवे लावा असं आम्ही कितीदा सांगितलं. अर्ध्या वाटेवर लागले.

खोल्या दोन प्रकारच्या. जुन्या मंगलोरी कौलांच्या, जाड भिंतींच्या; आणि नव्या पत्र्याच्या ‘कॉटेज’, एसीवाल्या. नव्याचं भाडं जास्त. एप्रिल-मेमध्ये मुरबाडला पारा चाळीशी ओलांडतो, वीज गेली की पत्र्याखाली भाजून निघता. कौलारू घ्या, बाथरूम जुनं असलं तरी. ह्या दिवसांत पहाटे आसपासच्या शेतांत राब भाजतात (भाताच्या रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळतात), त्याचा धूर येतो. दम्याचा त्रास असेल त्यांनी लक्षात ठेवावं.

सगळ्यात मोठी तक्रार बागेची नाहीच, शेजाऱ्यांची आहे. आजूबाजूला फार्महाउस उठलेत आणि शनिवारी रात्री कुणाचा ना कुणाचा डीजे असतो. दहानंतर बंद करायचा नियम इथपर्यंत पोचलेला नाही. मालक हात वर करतात. हिवाळ्यातले शनिवार आमच्यासाठी त्यामुळे बादच झालेत, आम्ही रविवारी दुपारी जातो आणि सोमवारी रजा टाकतो. रस्त्यालाही ते सोयीचं पडतं. ठाण्याहून अंतर साधारण साठ-सत्तर किलोमीटर, पण भिवंडी बायपास, दुर्गाडी आणि शहाड मिळून तुमची परीक्षा बघतात. पावसाळ्यात रविवारी संध्याकाळी परतू नका, माळशेजहून येणाऱ्या गाड्या त्याच रस्त्याला लागतात. गाडी नसेल तर कल्याणहून मुरबाडला एसटी आहे, पुढे बागेची जीप आणायला येते. वेळेवर येईल असं नाही.

नूतनीकरणाच्या फोनवर बऱ्याच घासाघिशीनंतर झाड वगळून नुसत्या राहण्याच्या रात्री घेतल्या, २१,००० मध्ये. अशी योजना त्यांच्या माहितीपत्रकात नाही, मागितली तरच देतात. त्यात तोडणीच्या दिवशी यायची मुभा आणि रत्नाच्या दोन पेट्या बाजारभावानं, हेही लिहून घेतलं. तोंडी काही ठेवू नका, व्यवस्थापक बदलतात. मेअखेर ते जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या रात्री हव्या असतील तर मार्चमध्येच तारखा अडकवा. तेव्हा काजवे असतात आणि तेवढ्या दिवसांपुरती कौलारू खोल्यांसाठी मेंबरांमध्ये भांडणं होतात.