कशेळीजवळचे निवास-न्याहारीचे घर: कातळाची वेळ, कालवणाची वेळ

दसऱ्यानंतर पाऊस मागे सरतो, भातकापणी सुरू होते आणि सड्यावरचे, म्हणजे उंचावरच्या सपाट कातळपठारावरचे, गवत पिवळे पडू लागते. त्या दिवसांत मी, माझी पत्नी आणि भूगर्भशास्त्र शिकवणारा आमचा एक जुना मित्र असे तिघे मोटारीने रत्नागिरीहून मालवणला निघालो. दोन्ही ठिकाणी स्नेह्यांची घरे होती. मधल्या दोन रात्रींसाठी आम्ही राजापूर तालुक्यातील कशेळीजवळच्या एका वाडीतले निवास-न्याहारीचे घर निवडले. ज्यांना दगड पाहायचे आहेत आणि त्या भागातले घरचे जेवण जेवायचे आहे, त्यांना हे घर मी निःसंकोच सुचवेन, कारण कोणती गोष्ट कोणत्या वेळी पाहावी आणि कोणती कोणत्या दिवसांत खावी, हे तिथल्या यजमानांना नेमके कळते.

रत्नागिरीहून येताना पावस, पूर्णगड, मुचकुंदी नदीवरचा पूल आणि गावखडी असा किनाऱ्याचा रस्ता घ्यावा. वाडीत शिरणारा शेवटचा रस्ता मात्र अरुंद आहे, समोरून वाहन आले तर एकाला मागे जावे लागते, आणि ही कल्पना यजमानांनी फोनवर द्यायला हवी होती.

पहिल्या रात्रीच त्यांनी सांगितले, "चित्रे बघायची तर पहाटे उठा, ऊन वर चढले की रेषा दिसत नाहीत." त्या सांगण्यातला अर्थ दुसऱ्या दिवशी सड्यावर गेल्यावर उमगला. कशेळीचे हत्तीचे कातळशिल्प सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे आणि त्याच्या देहाच्या आत इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. मात्र खोदाई उथळ असल्यामुळे सकाळचे तिरपे ऊन पडते तेव्हाच प्रत्येक रेषेच्या कडेला सावली धरते. आम्ही पोहोचलो तेव्हा हत्तीची पाठ स्पष्ट दिसत होती. दोन तासांनी परत फिरताना तीच जागा नुसता खडबडीत कातळ वाटत होती. पावसाळ्यात या रेषांत पाणी साचते आणि शेवाळ धरते, त्यामुळे पाऊस सरल्यानंतरचे हे दिवस पाहणाऱ्याच्या सोयीचे असतात. यजमान सोबत आले, चपला बाहेर काढायला लावल्या आणि छायाचित्रासाठी रेषांत खडू भरण्याची एका पर्यटकाची इच्छा त्यांनी ठामपणे मोडून काढली. कोकणातील ही कातळशिल्पे २०२२ मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली आहेत, तेव्हा अशी राखण गावातच होत असलेली पाहून मला मनापासून समाधान वाटले.

हा सडा जांभ्या दगडाचा आहे. उष्ण आणि दमट हवेत बेसाल्ट कुजत जातो, पाण्याबरोबर त्यातील सिलिका वाहून जाते आणि लोह व अॅल्युमिनियम मागे उरतात, असे मित्राने समजावून सांगितले. जमिनीतून काढताना हा दगड तुलनेने मऊ असतो आणि हवा लागल्यावर टणक होतो, म्हणूनच चिरेखाणीत त्याचे चिरे पाडता येतात. यजमानांचे घरही त्याच चिऱ्यांचे आहे. ओहोटीची वेळ पाहून त्यांनी आम्हाला दुपारनंतर किनाऱ्यावर पाठवले. तिथे पांढऱ्या खनिजांचे ठिपके असलेले काळे दगड सापडले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यात वायूच्या बुडबुड्यांनी ज्या पोकळ्या राहिल्या, त्या पुढे झिरपत्या पाण्यातील खनिजांनी भरल्या. ते ठिपके म्हणजे त्या भरलेल्या पोकळ्या. आदल्या दिवशी रत्नागिरीत मांडवीच्या काळ्या वाळूवर लोहचुंबक फिरवला होता आणि त्याला मॅग्नेटाइटचे कण मिशांसारखे चिकटले होते, तेव्हा दोन दिवसांत पायांखालच्या भूमीचा बराच परिचय झाला.

जेवणाबद्दल अधिक लिहायला हवे. पहिल्या रात्री तिरफळे घातलेले बांगड्याचे कालवण, उकड्या तांदळाचा भात, तांदळाची भाकरी आणि सोलकढी होती. तिरफळ वाटणात वाटायचे नसते, ते ठेचून कालवणात सोडायचे असते, आणि यजमानीण काकूंच्या हाताला हे प्रमाण इतके नेमके ठाऊक आहे की जिभेला हलकी झिणझिणी येते आणि तरीही बांगड्याची चव दबत नाही. माझी पत्नी शाकाहारी आहे. मत्स्याहारी घरांत अशा पाहुण्यांची बहुधा बटाट्याच्या भाजीवर बोळवण होते, परंतु तिच्यासाठी कुळथाचे पिठले, काळ्या वाटाण्याची उसळ आणि न्याहारीला खोबऱ्याच्या चटणीसह घावने केली होती. सर्वांत आवडले ते तवसाळे. पावसाळ्याच्या शेवटी वेलावर मोठी झालेली तवशी, म्हणजे काकडी, किसून त्यात तांदळाचा रवा, गूळ आणि ओले खोबरे घालून ते मंद आचेवर भाजतात, आणि तळाला धरलेली खरपूड तर मी मागून घेतली.

दुसऱ्या दुपारची सुरमई मात्र निराशाजनक निघाली. आम्ही किनाऱ्यावरून उशिरा परतलो, हे खरे; पण तुकडे आधीच तळून ठेवल्यामुळे रव्याचे आवरण ओलसर झाले होते आणि आतला मासा कोरडा पडला होता. ताटे वाढायला घेतल्यावर तळले असते तर आम्ही आणखी वीस मिनिटे आनंदाने थांबलो असतो.

खोल्या स्वच्छ आहेत आणि मच्छरदाणी मिळते. मोबाइलची रेंज अंगणाच्या एकाच कोपऱ्यात येते, म्हणून रोख रक्कम जवळ ठेवावी. सड्यावर सोबत येण्याचे पैसे वेगळे आकारले जातात. ते वाजवी आहेत, पण आम्हाला ते निघताना कळले, म्हणून आधी विचारून घ्यावे. खोल्या तीनच असल्याने दिवाळीच्या सुट्टीसाठी बरेच दिवस आधी फोन करावा, आणि तवसाळे हवे असल्यास तेही त्याच वेळी सांगावे, कारण ते भाजायला वेळ लागतो आणि तवशी वेलावर शिल्लक असेल तरच काकू हो म्हणतात.