बालसंगोपन योजना : अर्ज करावा का?

नवरा वारल्यावर किंवा सोडून गेल्यावर एकटीने मुले वाढवणाऱ्या बाईला कोणती सरकारी योजना खरोखर उपयोगी पडते, असे कोणी विचारले, तर मी आधी राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचे नाव सांगते. अनाथ मुले, एकच पालक असलेली मुले, ज्यांचे पालक दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळले आहेत किंवा तुरुंगात आहेत अशी मुले तिच्यात बसतात. वयाची अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत प्रत्येक मुलामागे दरमहा २२५० रुपये मिळतात. २०२३ मध्ये वाढ होण्यापूर्वी ही रक्कम ११०० होती.

योजनेचे खरे बळ हे, की मूल घरातच राहते. मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, असे २०१५ चा बाल न्याय अधिनियम सांगतो. पण खर्च झेपत नाही म्हणून मुलाला बालगृहात किंवा गावी मामाकडे ठेवणाऱ्या आया पुण्याच्या वस्त्यांमध्ये आजही आहेत. २२५० रुपयांत पुण्यात खोलीचे भाडे भागत नाही, हे खरेच. वह्या-पुस्तके, शिकवणी आणि बसचा पास मात्र निघतो, आणि आठवीतल्या मुलीला आईच्या बरोबरीने कामाला जावे लागत नाही.

कागदपत्रांबाबत माझे मत इतके चांगले नाही. पर्वतीच्या पायथ्याशी राहणाऱ्या आणि धुण्याभांड्याची कामे करणाऱ्या एका ताईंचा अर्ज भरताना मी सोबत होते. आधार, रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचे बोनाफाईड, पतीच्या मृत्यूचा दाखला, पासबुक, हे सगळे समजण्यासारखे आहे. पण घरासमोर मुलांना घेऊन काढलेला फोटोही जोडावा लागतो. शेजारणी दारात उभ्या असताना ताईंनी धाकट्याला शाळेचा गणवेश घालायला लावला. थोरलीने विचारले, “जुने कपडे घालायचे ना, गरीब दिसायला?” त्यावर त्या एवढेच म्हणाल्या, “नीट उभी राहा.” गृहचौकशीसाठी माणूस घरी येऊन जाणारच असेल, तर या फोटोने नेमके काय सिद्ध होते?

दाखल्यावरचे आणि आधारवरचे नाव एका अक्षराने वेगळे निघाले, आणि एका बँकेच्या शाखेने मुलाचे खाते उघडायला त्यावरून टोलवाटोलवी केली. अशा प्रत्येक फेरीला कामाचा खाडा होतो आणि वर मालकिणींची बोलणी खावी लागतात. म्हणून सगळ्या कागदांवरची नावे आधी जुळवून घ्यावीत, प्रत्येक कागदाची झेरॉक्स स्वतःजवळ ठेवावी आणि पैसे घेऊन काम करून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे.

अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयाकडे जातो, मंजुरी बाल कल्याण समिती देते. अध्यक्ष आणि चार सदस्यांच्या या समितीसमोर जायचे म्हणून ताई कोर्टात निघाल्यासारख्या घाबरल्या होत्या. प्रत्यक्षात मुलांशी शाळेबद्दल, मैत्रिणींबद्दल आपुलकीने बोलणे झाले. शासनाच्या कामात इतका सौजन्याचा अनुभव मला क्वचितच आला आहे.

अर्ज जरूर करावा. त्याच खेपेस केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतील प्रायोजकत्वाची, म्हणजे घरीच वाढणाऱ्या मुलासाठी मिळणाऱ्या दरमहा मदतीचीही चौकशी करावी, कारण तिथे मुलामागे दरमहा ४००० रुपये आहेत. मात्र त्याला उत्पन्नाची मर्यादा आहे, त्यामुळे तहसीलदारांचा दाखला हाती आल्यावरच कोणता अर्ज भरायचा ते ठरवलेले बरे.