थ्री इन वन माती मीटर: कुंडीला चालेल, वावराला नाय

रेटिंग ५ पैकी २, आणि तेही बॅटरी लागत नाही म्हणून.

बीटेक ॲग्री इंजिनिअरिंग फर्स्ट इयरला मातीतल्या ओलाव्यावर छोटा प्रोजेक्ट होता, माती वाळवून वजन करायच्या ओव्हनसाठी नंबर लावायचा कंटाळा म्हणून ऑनलाइन ३६० रुपयांचा हा मीटर मागवला, दोन दांड्या, वर १ (कोरडं) ते १० (ओलं) चा काटा, ओलावा-प्रकाश-पीएच (आम्लता) असं बटण. दिसायला एकदम भारी.

गावी गेल्यावर उसात खुपसला, एका सरीत ८ दाखवतोय आणि शेजारच्या सरीत ४, पाणी दोन्हीला एकाच दिवशी दिलेलं. आबांनी दोन्हीकडची मूठ मूठ माती दाबून बघितली, गोळा झाला, खाली टाकला तर फुटला, म्हणाले दोन्हीकडं वाफसा आहे (ना चिखल ना कोरडं), तुझं यंत्र काय म्हणतंय ते त्यालाच विचार. मग कळलं की ८ वाल्या सरीत आदल्या दिवशी पोटॅश टाकलेलं, हे खत म्हणजे क्षारच.

रूमवर येऊन दोन ग्लास घेतले. डिस्टिल्ड वॉटरमधे दांड्या बुडवल्या, काटा दीडच्या पुढं सरकेना, म्हणजे निव्वळ पाण्यात बुडालेला मीटर म्हणतोय कोरडं आहे! चिमूटभर मीठ टाकलं की थेट १०. कारण सोपंय, दोन वेगळे धातू आणि मधे ओली माती, बारावीतला गॅल्व्हॅनिक सेलच तो, काटा हलतो करंटवर आणि करंट पाण्याइतकाच क्षारांवर पण ठरतो. खारवट विहिरीचं पाणी असेल तर विसराच. त्यात आपली काळी जमीन सुकली की भेगाळते, दांडी आणि मातीमधे फट पडते, रीडिंग गेलं. पीएचचं तर बोलूच नका, लिंबाच्या रसात पण ६ च्या वर दाखवत होता.

विक्रेत्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं दांड्या पुसून वापरा. पुसल्या, तेच.

शेवटी ओव्हनच. १०५ डिग्री, २४ तास, डबीचं झाकण काढून. आमचं एक सॅम्पल: रिकामी डबी २२ ग्रॅम, ओल्या मातीसकट ७२, वाळल्यावर ६२. पाणी १०, कोरडी माती ४०, म्हणून ओलावा २५ टक्के. अर्ध्या वर्गाने ओल्या मातीच्या ५० ने भागून २० लिहिलं आणि मार्क घालवले. मातीला कोरड्या वजनाने भागायचं, धान्याला ओल्या, सोयाबीन खरेदीला १२ टक्के ओलावा म्हणतात ते ओल्या वजनावर, एकाच सेमिस्टरला दोन्ही शिकवतात त्यामुळे घोळ होतोच.

शेतात जागेवर रीडिंग पाहिजेच असेल तर पैसे साठवून टेन्शिओमीटर घ्या. खाली सच्छिद्र कप, वर व्हॅक्युम गेज, मुळाला पाणी ओढायला किती जोर लागतोय तेच मोजतो, क्षारांनी फारसा फसत नाही. फक्त पाणी उकळून गार करून भरायचं नाहीतर बुडबुडे येतात, आणि साधारण ८० सेंटीबारच्या (गेजवरचं ओढीचं माप) पुढं हवा घुसून बंद पडतो.

हा मीटर आता आईच्या तुळशीत आहे, तिथं बरा चालतोय. ओव्हनला सॅम्पल लावणाऱ्यांनी एवढंच करा, नंबर डबीवर आणि झाकणावर दोन्हीकडं टाका, आमची दोन झाकणं बदलली आणि सगळं परत करावं लागलं.